फादरांविना गेलेलं साल

मी लग्न होऊन कर्जतला आले त्या दिवशी नवऱ्याला पहिलं काही विचारलं असेल तर देऊळ कुठे आहे, हे. आम्ही वसईकडची ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणतो. माझ्या माहेरी हाकेच्या अंतरावर देऊळ होतं. तिथली सकाळची घंटा ऐकून आई चूल पेटवायची आणि संध्याकाळची घंटा झाली की दिवा लावायची. नवरा म्हणाला, "इथं देऊळ नाही. महिन्यातून एका रविवारी कल्याणहून फादर येतात. रेल्वेच्या शाळेत मिस्सा होते." मिस्सा म्हणजे आमची रविवारची मोठी उपासना. ती महिन्यातून एकदा, आणि तीही शाळेच्या वर्गात! मी बराच वेळ ट्रंकेवर बसून राहिले.

रेल्वेच्या चाळीत आमची मोजकीच घरं होती. कोणी गार्ड, कोणी सिग्नलच्या केबिनीत, आणि माझा नवरा घाटातल्या विजेच्या इंजिनावर असिस्टंट. लोणावळ्याकडे चढणाऱ्या गाडीला मागून रेटायला कर्जतला जी इंजिनं लावत, त्यांतल्या एकावर तो असे. खोपोलीच्या वीजघरात कामाला असलेली दोनतीन कुटुंबं मिस्सेला तिकडच्या लहान गाडीने यायची. सगळे आले तरी शाळेचा वर्ग भरत नसे.

या सगळ्यांना धरून ठेवलं होतं ते गार्डबाबांनी. ते पेन्शनीत निघालेले गार्ड, मुलाच्या क्वार्टरमध्ये राहायचे. उंच, वाकलेले, गुडघे गेलेले. सगळे त्यांना बाबा म्हणत आणि त्यांच्या बायकोला आजी. आजी फार कमी बोलायच्या. मिस्सेसाठी आलेल्या फादरांचा मुक्काम त्यांच्याच घरी असे.

आमच्या धर्मात वर्ष सुरू होतं ते आगमनकाळापासून, म्हणजे नाताळच्या आधीच्या चार रविवारांपासून. पुढे नाताळ, मग चाळीस दिवसांचा उपवासकाळ, पवित्र आठवडा, ईस्टर, पवित्र आत्म्याचा सण, मारियेचे, म्हणजे येशूच्या आईचे, सण, आणि शेवटी नोव्हेंबरात संतांचा आणि मृतांचा दिवस. ज्या गावात देऊळ असतं तिथं हे वर्ष आपोआप पुढे सरकतं, लोक फक्त मागून चालतात. आमच्याकडे ते बसून ठरवावं लागे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मिस्सा झाली की सगळे बाबांच्या पडवीत बसत. फादर आपलं लॅटिन पुस्तक उघडून ईस्टर कधी ते सांगत, कारण अर्धं वर्ष ईस्टरवरच टांगलेलं असतं. मार्च-एप्रिलातल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी तो येतो, म्हणून बाबा शेजारच्या जोश्यांकडून पंचांगातली पौर्णिमा आधीच विचारून आलेले असत. ती फादरांच्या पुस्तकाशी जुळली की त्यांचा चेहरा खुलायचा.

मग खरं काम सुरू होई. नाताळला फादर आमच्याकडे दुपारीच येऊ शकत, कारण पहाटेची आणि सकाळची मिस्सा कल्याणची. पवित्र आठवड्यात तर ते येऊच शकत नसत. तेव्हा ज्याला पास मिळेल त्याने कल्याणला जायचं, बाकीच्यांनी उत्तम शुक्रवारी, म्हणजे येशूच्या मरणाच्या दिवशी, बाबांच्या घरी क्रुसापुढे गुडघे टेकायचे. कोणत्या सणाला कोणाची ड्यूटी, कोणाच्या घरी फादरांचं जेवण, मेणबत्त्या कोणी आणायच्या, नवीन भाताच्या लोंब्या कोणत्या शेतकऱ्याकडे मागायच्या, सगळं त्या पडवीत ठरायचं.

माझ्या वाट्याला पडदे आले. शाळेतल्या मास्तरांच्या मेजाचीच वेदी करायचे, आणि त्या मेजाच्या पुढून पडदा सोडायचा. काळाप्रमाणे त्याचा रंग बदलतो. आगमनकाळात आणि उपवासकाळात जांभळा, नाताळ, ईस्टर आणि संतांच्या सणांना पांढरा, हुतात्म्यांना लाल, साध्या रविवारी हिरवा आणि मृतांसाठी काळा. मला शिवण येतं हे कळल्यावर बाबा म्हणाले, "पोरी, मग वर्षाचे रंग तुझ्याकडे." मला तेव्हा फार बरं वाटलं. परक्या गावात मला काहीतरी काम मिळालं होतं.

युरोपात लढाई सुरू झाली त्या साली पडवीत बसलो तेव्हा फादर गप्प होते. ते इटलीचे. मराठी वसईत राहून शिकलेले, त्यामुळे त्यांच्या तोंडी आमच्याकडचेच शब्द असायचे आणि मला माहेरचं कोणी बोलतंय असं वाटायचं. ईस्टरची तारीख सांगून झाल्यावर त्यांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "या साली एक गोष्ट जास्तीची ठरवू या. उपवासकाळात मी बायकांना एक धडा देणार. मी नसताना काय करायचं त्याचा."

बाबांनी विचारलं, "फादर, तुम्ही कुठे जाणार?"

"मी कुठे जाणार नाही," फादर म्हणाले. "पण नदी फुगते. गाड्या अडतात. राजे भांडतात."



त्या वर्षी शिमगा आणि आमचा पवित्र आठवडा एकत्र आले. चाळीमागच्या वाडीत रोज ढोल वाजायचा. उत्तम शुक्रवारच्या आदल्या दिवशी बाबा काठी टेकत वाडीतल्या पाटलांकडे गेले आणि म्हणाले, "उद्या आमच्या देवाच्या मरणाचा दिवस आहे." पाटील म्हणाले, "मंग आमी दुपारी वाजवत नाय. सांजच्याला वाजवू." शुक्रवारची दुपार खरोखर शांत गेली. फक्त घाटाकडे निघालेल्या इंजिनांचे आवाज होते. मला तेव्हा दिवस गेले होते, आणि गुडघे टेकून बसले असताना पोटात पहिल्यांदा काहीतरी हललं. उत्तम शुक्रवारी आनंद करायचा नसतो म्हणून मी कोणाला सांगितलं नाही.

फादरांनी कबूल केल्याप्रमाणे उपवासकाळातच धडा दिला होता. शाळेच्या वर्गात आम्ही बायका बाकांवर बसलो होतो. ते म्हणाले, मिस्सा फक्त फादरच करू शकतो, पण बाप्तिस्मा अडचणीच्या वेळी कोणीही देऊ शकतं. मूल जगत नाही असं दिसलं तर थांबायचं नाही. साधं पाणी घ्यायचं, कपाळावर ओतायचं आणि ओततानाच म्हणायचं की मी तुला पित्याच्या आणि पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते. त्यांनी हे आमच्या एकेकीकडून म्हणवून घेतलं. खोपोलीची एक बाई लाजून हसली, तेव्हा ते रागावले नाहीत, पण हसलेही नाहीत. "पुन्हा म्हण," एवढंच म्हणाले.

जूनमध्ये इटली लढाईत उतरली. त्या महिन्याच्या मिस्सेच्या रविवारी आम्ही शाळेत जमलो, मी मेजाला पडदा लावला, मेणबत्त्या मांडल्या. कल्याणची गाडी आली आणि गेली. स्टेशनवरून बाबांचा मुलगा एकटाच परत आला. म्हणाला, "फादरांना पोलीस घेऊन गेले. शत्रूच्या देशातली माणसं म्हणून सगळ्यांनाच नेताहेत. छावणीत ठेवणार आहेत." कुठल्या छावणीत ते त्याला कळलं नव्हतं. आम्हालाही पुढे नीट कळलं नाही. लढाईनंतर ते मायदेशी गेले असं कोणी म्हणे, तर कोणी म्हणे ते छावणीतच आजारी पडले. आमच्याकडे ते पुन्हा आले नाहीत.

वर्गात सगळे तसेच उभे राहिले. मेणबत्त्या लावायच्या की नाहीत हे मला समजेना. बाबा पुढे आले, गुडघे दुखत असूनही खाली बसले आणि त्यांनी तेर्स सुरू केला, म्हणजे माळेवरची प्रार्थना. ती संपल्यावर म्हणाले, "आपलं साल ठरलंय. फादर नाहीत म्हणून सण थांबत नाहीत. जे आपल्याला करता येतं ते करू. जे येत नाही, त्याची वाट बघू."

कल्याणला एकच म्हातारे फादर उरले होते, त्यांना एवढा भाग सांभाळणं शक्य नव्हतं. म्हणून पुढचे महिने आम्ही मिस्सेशिवाय काढले. ज्या रविवारी जो रंग, तो पडदा मी लावत असे. बाबा बायबलातलं शुभवर्तमान वाचत. नवरा घरी असला तर येई, पण त्याची ड्यूटी अशी की सणाच्या दिवशी तो बहुतेक घाटातच असायचा.

ऑगस्टच्या मध्यावर मारियेच्या स्वर्गारोहणाचा सण येतो. पडदा पांढरा. मी तो आदल्या दिवशी इस्त्री करून बाबांकडे पोचवला आणि परत येताना चाळीच्या पायऱ्यांवर माझी कंबर धरली. दिवस अजून पुरते भरले नव्हते. शेजारणीने वाडीतल्या सुईणीला बोलावलं. ती कुणब्यांच्या घरातली, पन्नाशीची, आमच्या चाळीतली निम्मी मुलं तिच्याच हातची. सणाच्या दिवशी सकाळी मला मुलगी झाली.

तिचा आवाज मांजरीच्या पिलासारखा होता. सुईणीने तिला पुसलं, उलटं धरलं, छाती चोळली, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, "पोरी, जीव लय बारीक हाय गं. वठ निळं पडाया लागलंत."

शेजारीण बाबांना आणायला धावली. बाबा आणि बाकी सगळे शाळेत प्रार्थनेला गेले होते. नवरा गाडीबरोबर वर गेला होता. मला फादरांचा धडा आठवला. मी उठून बसायला लागले तशी सुईण ओरडली, "पडून ऱ्हा गं!"

मी म्हटलं, "मावशी, तिला इकडे आण. मला पाणी दे. आमच्यात एक करावं लागतं."

तिने काही विचारलं नाही. लेकराला माझ्याजवळ धरलं आणि दुसऱ्या हाताने तांब्या दिला. माझा हात इतका कापत होता की पहिलं पाणी अंथरुणावर सांडलं. तिने माझं मनगट धरलं. मग मी लेकीच्या कपाळावर पाणी ओतलं आणि शब्द म्हटले. तिला माझ्या आईचं नाव दिलं. पाण्याने ती जराशी दचकली आणि तिने डोळे उघडले. काळेभोर डोळे होते. बाबा येईपर्यंत ती होती. त्यांनी तिच्या कपाळावर क्रूस केला आणि मग ती गेली.

पुरायला मी गेले नाही, बाळंतीण जात नाही. रुळांपलीकडे नदीकडे उतरणाऱ्या माळावर रेल्वेने ख्रिस्ती लोकांसाठी एक तुकडा सोडला होता. नवरा घाटातून उतरल्यावर तो, बाबा आणि आणखी एकदोघे जण तिकडे गेले. परत आल्यावर नवऱ्याने पाय धुतले आणि भिंतीकडे तोंड करून बसला. मी विचारलं, "नीट झालं?" तो म्हणाला, "झालं." त्यापुढे आम्ही त्या विषयावर बोललो नाही.

माझ्या मनात मात्र एकच गोष्ट फिरत राहिली. मी शब्द बरोबर म्हटले का? शब्द चुकले तर बाप्तिस्मा होत नाही, आणि बाप्तिस्म्याविना गेलेलं लेकरू स्वर्गात जात नाही, असं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. पाणी ओतताना म्हटले, की आधी म्हटले, की नंतर? फादर ते लॅटिनमध्ये म्हणतात, मी मराठीत म्हटले. भांडी घासताना, दळताना मी ते पुटपुटत राही आणि प्रत्येक वेळी मला वाटे की त्या दिवशी एखादा शब्द सुटला असणार. विचारायला फादर नव्हते. बाबांना मी विचारलं नाही, कारण ते काय सांगतील याची भीती होती.

सप्टेंबरात मारियेच्या जन्माचा सण आला, तेव्हा मी अजून बाळंतीण म्हणून पांढरा पडदा आजींनीच लावला आणि घडी करून परत पाठवला. त्यानंतर नव्या भाताचा सण आला. कडावच्या एका शेतकऱ्याने दरवर्षीप्रमाणे लोंब्या दिल्या. त्या वेदीवर ठेवल्या, बाबांनी प्रार्थना म्हटली आणि प्रत्येकाने दोन दाणे घरच्या तांदळात मिसळायला नेले. मी हे सगळं करत होते, पण लांबून बघितल्यासारखं.

ऑक्टोबरच्या शेवटी मी पडदे काढले. पहिल्या नोव्हेंबरला सकल संतांचा सण, म्हणून पांढरा. दुसऱ्या दिवशी मृतांचा, म्हणून काळा. काळा मी नवीनच शिवला होता. कापड मिळेना, म्हणून नवऱ्याचा जुना युनिफॉर्मचा कोट उसवून तुकडे जोडले होते. त्या पडद्यावर मी इतकं बारीक काम कधी केलं नव्हतं. माझं मूल त्या दिवसाचं, असंच मी धरून चालले होते.

पांढरा पडदा उलगडला तर त्याचा एक कोपरा गेलेला. उंदराने कुरतडलेला नव्हे, कात्रीने सरळ कापलेला, हातभर. मी तो नवऱ्याला दाखवला. "हे कोणी केलं हो?"

त्याने पडद्याकडे बघितलं आणि माझ्या हातातून तो घेतला. "मी," म्हणाला. "बाबांनी सांगितलं म्हणून. तिला त्यातच गुंडाळलं."

"वेदीचं कापड?"

"मीही हेच म्हटलं. बाबा म्हणाले, काप." त्याने पडद्याची घडी केली, चुकीची केली, पुन्हा केली. "तुला कसं सांगावं ते मला कळेना."

मी तशीच पडदा घेऊन बाबांकडे गेले. ते पडवीत आजींबरोबर बसले होते, आजी शेंगा सोलत होत्या. मी काही विचारायच्या आधीच त्यांनी कापलेला कोपरा बघितला.

"बस," म्हणाले. "काळा पडदा तू कोणासाठी शिवलास?"

"मृतांच्या दिवसासाठी."

"तुझ्या लेकीसाठी शिवलास. चाळीत सगळ्यांना दिसतंय." त्यांनी माझ्या हातातला पडदा आपल्या मांडीवर घेतला. "लहानपणी मी देवळात फादरांच्या हाताखाली होतो. मोठं माणूस गेलं की फादर काळा झगा घालायचे. बाप्तिस्मा झालेलं तान्हं मूल गेलं की पांढरा. दुःखाची मिस्सा नाही म्हणायचे, देवदूतांची म्हणायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, लेकरांसाठी काळं नसतं. त्यांच्यासाठी क्षमा मागायला काही नसतं. ती सरळ संतांत जातात. तुझ्या मुलीचा दिवस दुसरा नव्हे पोरी, पहिला."

तेव्हा मी ते बोलले. "पण बाबा, मी शब्द बरोबर म्हटले नसतील तर?"

"काय म्हटलंस?"

मी म्हटले. शेवटपर्यंत म्हटले.

"बरोबर आहेत," बाबा म्हणाले.

"आत्ता बरोबर आहेत. त्या दिवशी?"

बाबा कापलेला कोपरा चाचपत राहिले. आजींचे हात शेंगांवर थांबले होते. त्या माझ्या पाठीवरून हात फिरवू लागल्या.

पहिल्या तारखेला मी पांढरा पडदा लावला, कापलेला कोपरा भिंतीच्या बाजूला ठेवून. दुसऱ्या तारखेला काळा लावला. दोन्ही दिवस मी रडले. कोणता दिवस माझा हे मला ठरवता येत नव्हतं.

त्या साली पडवीत वर्ष ठरवायला बसलो होतो तेही फादरांशिवायच. ईस्टर कधी हे सांगायला पुस्तक नव्हतं. बाबांनी कल्याणच्या म्हाताऱ्या फादरांकडून तारीख आणवली आणि आगमनकाळ सुरू झाला. नाताळला मिस्सा नव्हती. आम्ही नेवऱ्या, म्हणजे करंज्या केल्या, बाळ येशूची गव्हाण मांडली, मुलांनी गाणी म्हटली. ज्या घरांत मुलं होती तिथं सण झाला.

उपवासकाळ तोंडावर आला तेव्हा नवे फादर आले. गोव्याकडचे, तरुण, थोडे घाबरलेले. पहिल्या मिस्सेला वर्गातली मोठी माणसंही रडत होती. मिस्सा झाल्यावर ते कुमसाराला, म्हणजे पापांची कबुली ऐकायला, बसले. मी त्यांना पापाऐवजी हेच सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तेव्हा खोलीत दुसरं कोण होतं?"

"सुईण. पण ती आपल्यातली नाही."

"तिला बोलवा."

ती आली. वर्गाच्या दारातच उभी राहिली, आत यावं की नाही याचा विचार करत. फादर स्वतः दारापाशी गेले. त्यांनी विचारलं, "मावशी, त्या दिवशी हिने काय केलं?"

सुईण म्हणाली, "काय केलं म्हंजे? मी लेकरू धरलं व्हतं. हिचा हात कापत व्हता, म्हून मी मनगट धरलं. कपाळाव पाणी वतलं, आन वततानाच बोलली."

"काय बोलली ते आठवतं?"

"समदं नाय आठवत. बापाच्या नावानं म्हनली, पोराच्या नावानं म्हनली, आन आत्मा म्हनली. मला वाटलं, बाप हितं नाय तरी बापाचं नाव घेतीया, बरं हाय." तिने माझ्याकडे बघितलं. "आन पोरीनं डोळं उघडलं व्हतं, फादर. तवा जित्ती व्हती ती. मी बघितलंय."

फादर माझ्याकडे वळले. मग मला म्हणाले, "बाप्तिस्मा झाला आहे. आता यावर विचार करू नका." आणि सुईणीला त्यांनी हात जोडले. ती गोंधळली, पदर सावरत म्हणाली, "मी काय केलं? मी निस्तं धरलं." आणि निघून गेली. मी घरी आले, दार लावलं आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

त्यानंतरच्या ऑक्टोबरात पुन्हा पडवीत बसलो. बाबांना आता खाली बसवत नव्हतं की चालवत नव्हतं, त्यांची खुर्ची आतून आणून ठेवली होती. नवे फादर पुस्तक उघडून एकेक सण सांगत होते. नोव्हेंबर आला तसे म्हणाले, "मृतांच्या दिवशी मी येऊ शकेन. दुपारी कबरींवर जाऊ."

आमच्या पडवीत बायका सहसा ठरवण्यात बोलत नसत. मी म्हटलं, "फादर, आदल्या दिवशीही जाता येईल का? संतांच्या सणाला. तान्ह्या मुलांच्या कबरींवर."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मला वाटलं मी भलतंच विचारलं. फादर म्हणाले, "इथं तशा किती आहेत?"

मी म्हटलं, "मला माझी एक माहीत आहे."

मग खोपोलीची ती बाई, धड्याच्या वेळी हसलेली, खाली बघत म्हणाली, "माझा एक आहे. पण तो इगतपुरीला. आम्ही तिकडे होतो तेव्हाचा." तिच्या शेजारची म्हणाली, "माझी भुसावळला." केबिनवाल्याची बायको म्हणाली, "माझे दोघं. एक लोणावळ्याला आहे, एक कुठं पुरला ते मला दाखवलंच नाही." रेल्वेने बदली केली की माणसं सामान उचलून निघायची, आणि ही मुलं त्या त्या स्टेशनामागे राहून गेली होती. आम्ही इतकी वर्षं एकमेकींच्या घरी जात-येत होतो, पण यातलं कोणाचंच कोणाला माहीत नव्हतं.

शेवटी आजी बोलल्या. त्या पडवीत बोललेल्या मी पहिल्यांदाच ऐकल्या. "दौंडला," म्हणाल्या. "मुलगा. त्याचे केस कुरळे होते." बाबांनी त्यांच्याकडे वळून बघितलं. खूप वेळ बघितलं.

फादरांनी पुस्तक मिटलं. "पहिल्या तारखेला दुपारी," म्हणाले. "मला नाही जमलं तरी तुम्ही जा."

त्यांना जमलं नाही. आम्ही गेलो. नवऱ्याने शेडच्या साहेबाकडून त्या दिवसापुरती पाळी बदलून घेतली होती. सकाळी त्याने विळ्याने माळावरचं गवत कापून काढलं. भातखाचरांच्या कडेला पांढरे कुर्डू फुलले होते, ते आम्ही बायकांनी पदरात भरून आणले. ज्यांची मुलं दूर होती त्यांनीही आणले आणि माझ्या मुलीच्या शेजारच्या मोकळ्या जागेवर ठेवले. दोन माणसांनी बाबांना खुर्चीसकट उचलून रुळांपलीकडे नेलं. बाबांनी प्रार्थना सुरू केली, तेव्हा घाटाकडून एक इंजिन रिकामं उतरत होतं, म्हणून ते जाईपर्यंत थांबले. मग पुन्हा सुरू केली.

आजींनी आपले कुर्डू ठेवले आणि तिथंच बसून राहिल्या. मी त्यांच्या शेजारी बसले. त्या मला त्याच्याबद्दल सांगू लागल्या, तो कसा हसायचा, कोणत्या कुशीवर झोपायचा. उन्हं डोंगराआड जाईपर्यंत त्या सांगत होत्या.